घरटे आणि मासा यांमधील अंतर : आफ्रिकन पेंग्विनांच्या वसाहती, त्यांचा दिनक्रम आणि त्यांचे संरक्षण

प्रस्तावना

पेंग्विन म्हटले की अंटार्क्टिकाचा बर्फ, हाडे गोठवणारा वारा आणि पायांवर अंडे सांभाळून उभे असलेले सम्राट पेंग्विन हेच चित्र मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभे राहते, आणि शालेय पुस्तकांपासून माहितीपटांपर्यंत तेच चित्र पुन्हा पुन्हा गिरवले गेल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु पेंग्विनांच्या सुमारे अठरा जातींपैकी कित्येक जातींचा बर्फाशी आयुष्यभर संबंध येत नाही. एक जात तर थेट विषुववृत्तावरील गॅलापागोस बेटांवर राहते, आणि दुसरी, जी प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे, ती आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य आणि दक्षिण किनाऱ्यावर, नामिबियाच्या बेटांपासून दक्षिण आफ्रिकेतील अल्गोआ उपसागरापर्यंत, वाळू, खडक आणि खुरट्या झुडपांच्या सावलीत घरटी करते. आफ्रिकेत प्रजनन करणारी पेंग्विनांची ही एकमेव जात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने तिचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणजे वन्य अवस्थेतून नामशेष होण्याच्या अगदी अलीकडच्या श्रेणीत केला, आणि या श्रेणीत पोहोचलेली ती पेंग्विनांची पहिली जात ठरली. तिच्या वसाहतींतील रोजचे जीवन कसे चालते, ते कशाने मोडत गेले आणि ते सावरण्यासाठी कोणते प्रयत्न झाले, याचा परिचय करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

वसाहत हा शब्द येथे विशिष्ट अर्थाने वापरला आहे. वर्षाचा मोठा काळ समुद्रावर घालवणारे पक्षी प्रजननासाठी आणि पिसे बदलण्यासाठी एकाच किनाऱ्यावर किंवा बेटावर एकत्र येतात, तेथे प्रत्येक जोडीचे घरटे शेजारच्या जोडीपासून थोड्या अंतरावर असते, आणि बहुतेक पक्षी पुढच्या हंगामातही त्याच जागी, पुष्कळदा त्याच जोडीदारासह परत येतात. अशा समूहाला वसाहत म्हणतात. डासेन, रॉबेन, डायर, सेंट क्रॉइ आणि बर्ड ही दक्षिण आफ्रिकेतील, तर मर्क्युरी, इचाबो आणि हॅलिफॅक्स ही नामिबियातील अशा वसाहतींची बेटे होत. यांखेरीज केप टाउनजवळील सायमन्स टाउन येथील बोल्डर्स किनारा आणि बेट्टीज बे येथील स्टोनी पॉइंट या दोन वसाहती मुख्य भूमीवर आहेत, आणि माणसाच्या वस्तीला अगदी लागून असल्यामुळे जगभरच्या पर्यटकांना त्याच अधिक परिचित आहेत.

आफ्रिकन पेंग्विनाची उंची साधारणपणे ६० ते ७० सेंटिमीटर आणि वजन दोन ते साडेतीन किलोच्या दरम्यान असते. छातीवर घोड्याच्या नालाच्या आकाराचा काळा पट्टा आणि त्याखालच्या पांढऱ्या भागावर विखुरलेले काळे ठिपके ही त्याची ओळख; हे ठिपके प्रत्येक पक्ष्यात वेगळे असतात, आणि जोडीदाराला ओळखण्यासाठी पेंग्विन या ठिपक्यांचा उपयोग करतात असे अलीकडच्या अभ्यासातून दिसून आले आहे. डोळ्याच्या वर गुलाबी, पिसे नसलेल्या त्वचेचा एक तुकडा असतो. ऊन वाढले की शरीरातील रक्त या त्वचेकडे अधिक वाहते आणि तेथून उष्णता बाहेर टाकली जाते, त्यामुळे तापलेल्या दुपारी हा भाग अधिक गडद दिसतो. थंड पाण्यात तासन् तास पोहण्यासाठी घडलेल्या आणि दाट पिसांनी झाकलेल्या शरीराला आफ्रिकेच्या उन्हात जमिनीवर राहायचे असल्यामुळे, उष्णतेपासून बचाव हा या पक्ष्याच्या जमिनीवरील जीवनाचा कायमचा प्रश्न आहे.

त्याच्या समुद्रावरील जीवनाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी बेंग्वेला प्रवाहाची माहिती असणे आवश्यक आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा हा थंड पाण्याचा प्रवाह होय. येथे वाहणारे दक्षिण-आग्नेय वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, त्याची जागा घेण्यासाठी तळाचे थंड आणि पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते, त्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्या आधारावर सार्डिन आणि अँचोव्ही या लहान माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. सार्डिन म्हणजे कोकणात मिळणाऱ्या तारलीसारखाच तेलकट, चांदीच्या रंगाचा मासा, आणि अँचोव्ही हा मांदेलीच्या कुळातला. तेलाचे, म्हणजेच ऊर्जेचे प्रमाण जास्त असलेले हे दोन मासे आफ्रिकन पेंग्विनांचे मुख्य अन्न आहेत, आणि दुर्दैवाने याच दोन माशांवर तेथील मोठा मासेमारी उद्योगही उभा आहे.

प्रस्तुत विषयाचा सगळा गाभा एका साध्या हिशोबात सामावलेला आहे, आणि तो आधीच मांडून ठेवला तर पुढील तपशील एकमेकांशी जोडले जातात. पेंग्विन उडू शकत नाही. त्याच बेटांवर घरटी करणारा गॅनेट हा समुद्रपक्षी माशांच्या शोधात शंभराहून अधिक किलोमीटर उडत जाऊन परत येतो, परंतु पेंग्विनाला प्रत्येक किलोमीटर पोहून कापावा लागतो आणि लांबच्या प्रवासात त्याचा वेग ताशी सहा-सात किलोमीटरच्या आसपास असतो. थवे घरट्यापासून तीस किलोमीटरवर असले तर जाण्यात चार-पाच तास आणि येण्यात तितकेच तास जातात. पेंग्विन डोळ्यांनी पाहून शिकार करतो, म्हणजे हे सारे दिवसाच्या उजेडात उरकायचे असते. आणि घरट्यात पिल्लू असेल तर पोटात त्याच्यासाठीही अन्न भरून संध्याकाळपर्यंत परतायचे असते. घरटे आणि मासा यांमधील अंतर हेच अशा रीतीने पिल्लाच्या वाढीचे, जोडीच्या यशाचे आणि शेवटी वसाहतीच्या आयुष्याचे माप ठरते. गेल्या दोन शतकांत माणसाने या मापाच्या दोन्ही टोकांना हात घातला, आधी घरट्याला आणि नंतर माशाला.

वसाहतीचा दिवस पहाटे, अंधार विरळ होऊ लागताच सुरू होतो. रात्र घरट्यात काढलेले पक्षी ठरलेल्या वाटांनी उतरत पाण्याकडे येतात, काठावर थबकतात, थोडे जमतात आणि मग गटागटाने पाण्यात शिरतात, कारण किनाऱ्याजवळ सील आणि शार्क यांचा धोका असतो. समुद्रावर ते एकेकटेही शिकार करतात, परंतु माशांचा थवा गाठला की अनेक पेंग्विन मिळून त्याला खालून आणि बाजूंनी घेरतात, मासे घाबरून एकमेकांना चिकटतात, त्यांचा दाट गोळा बनतो, आणि तो गोळा पृष्ठभागाकडे रेटत नेला जातो. पक्ष्यांच्या पाठीवर लहान कॅमेरे बसवून झालेल्या अभ्यासात, अशी सामुदायिक शिकार एकट्याच्या शिकारीपेक्षा अधिक लाभदायक असल्याचे आढळले आहे. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. वर रेटलेल्या त्या माशांवर ज्यांना खोल बुडी मारता येत नाही असे इतर समुद्रपक्षीही जगतात, म्हणून पेंग्विन कमी झाले की त्यांच्या शिकारीवर विसंबून असलेल्यांचे घासही कमी होतात. दुसरा परिणाम पेंग्विनांपुरताच, परंतु अधिक गंभीर आहे: वसाहत लहान होत गेली की घेरा घालायला पुरेसे साथीदारच मिळत नाहीत, आणि घट आपल्याच भाराने वेग घेते.

दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत परतणाऱ्यांची रांग लागते. घरट्यात राहिलेला जोडीदार दिवसभर ऊन सोसून, पिल्लांवर सावली धरून आणि कुरव पक्ष्यांवर नजर ठेवून बसलेला असतो, आणि परतलेला पक्षी किनाऱ्यावरून चालत येताना जी साद घालतो ती गाढवाच्या ओरडण्याशी इतकी मिळतीजुळती असते की ती प्रथम ऐकणाऱ्याला आसपास गाढव असल्याचाच भास होतो. ही साद प्रत्येक पक्ष्याची वेगळी असते. शेकडो घरट्यांच्या कोलाहलात जोडीदार एकमेकांना आवाजावरून ओळखतात, चोची एकमेकींवर आपटून भेटतात, आणि मग पिल्लांना पोटातले मासे भरवण्याचे काम सुरू होते.

मादी साधारणपणे दोन अंडी घालते. सुमारे चाळीस दिवस नर आणि मादी पाळीपाळीने ती उबवतात, आणि पिल्ले बाहेर आल्यावर पहिला महिनाभर दोघांपैकी एक सतत त्यांच्यापाशी असतो. त्यानंतर पिल्लांची भूक एकाच्या शिकारीने भागत नाही, म्हणून दोघेही एकाच वेळी समुद्रावर जाऊ लागतात, आणि एकटी पडलेली पिल्ले पुष्कळदा शेजारच्या पिल्लांबरोबर घोळका करून राहतात. अन्न मुबलक असेल तर पिल्लू दोन-अडीच महिन्यांत समुद्रावर जाण्याजोगे होते; अन्न अपुरे असेल तर त्याला चार महिनेही लागतात, आणि या लांबलेल्या मुदतीत उपासमार, ऊन, पाऊस किंवा शिकारी पक्षी यांपैकी कोणीतरी त्याला गाठण्याची शक्यता वाढत जाते. यातून तगलेले निळसर करड्या पिसांचे पिल्लू एके दिवशी आईबापांच्या सोबतीशिवाय पाण्यात उतरते. प्रौढ पेंग्विन वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत, परंतु पहिले वर्ष ओलांडणे हेच सर्वांत कठीण असते.

दिनक्रमाच्या वर्णनात सहसा दुर्लक्षित राहणारा, पण या पक्ष्याच्या भवितव्याच्या दृष्टीने कदाचित सर्वांत निर्णायक असा भाग म्हणजे वर्षातून एकदा होणारी पिसांची अदलाबदल. इतर बहुतेक पक्षी आपली पिसे थोडी थोडी बदलतात. पेंग्विन मात्र अंगावरची सगळी पिसे एकाच सपाट्यात टाकतो. या काळात जुनी पिसे गळत असतात आणि नव्यांची वाढ पुरी झालेली नसते, त्यामुळे शरीर पाण्यापासून सुरक्षित राहत नाही, समुद्रात उतरणे म्हणजे थंडीने मृत्यू ओढवून घेणे ठरते, आणि म्हणून पक्ष्याला सुमारे तीन आठवडे किनाऱ्यावर अन्नावाचून उभे राहावे लागते. तत्पूर्वीचे काही आठवडे तो समुद्रावर राहून अंगावर चरबी चढवतो, उपवासाच्या काळात शरीराचे जवळजवळ निम्मे वजन गमावतो, आणि पिसे पुरी होताच खंगलेल्या अवस्थेत पुन्हा माशांच्या शोधात निघतो. उपवासापूर्वी मासे मिळाले नाहीत तर तो किनाऱ्यावरच मरतो. उपवासानंतर मिळाले नाहीत तर समुद्रावर मरतो, आणि समुद्रावर मेलेल्या पक्ष्याची मोजणी कोणी करू शकत नाही. डासेन आणि रॉबेन या बेटांवर २००४ मध्ये प्रजनन करणाऱ्या पक्ष्यांपैकी सुमारे ९५ टक्के पक्षी पुढील आठ वर्षांत मरण पावले असावेत आणि त्यामागे मुख्यतः या काळातील उपासमार असावी, असा निष्कर्ष अलीकडच्या संशोधनात मांडला गेला आहे. किनाऱ्यावर निमूटपणे उभा असलेला, विस्कटलेल्या पिसांचा पेंग्विन पर्यटकाला आजारी किंवा आळशी वाटतो. प्रत्यक्षात तो वर्षातील सर्वांत कठीण परीक्षा देत असतो, आणि त्या वेळी कुतूहलापोटी त्याला हुसकावून पळायला लावणे म्हणजे त्याची मोजकी शिदोरी वाया घालवणे होय.

माणसाशी या पक्ष्याची गाठ पडल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद भारताच्या इतिहासाशी जोडलेली आहे. वास्को द गामाची जहाजे १४९७ च्या अखेरीस कालिकतकडे येण्याच्या वाटेवर आज मोसेल बे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपसागरात थांबली होती, आणि त्या सफरीच्या रोजनिशीत उडता न येणाऱ्या, गाढवासारखे ओरडणाऱ्या, बदकाएवढ्या पक्ष्यांचा आणि खलाशांनी त्यांना मन मानेल तितके मारल्याचा उल्लेख आहे. पुढील शतकांत केपच्या वाटेने पूर्वेकडे येणाऱ्या युरोपीय जहाजांसाठी ही बेटे ताज्या मांसाची आणि अंड्यांची कोठारे झाली. रॉबेन बेटावरील वसाहत १८०० च्या सुमारास पूर्णपणे नाहीशी झाली, आणि तेथे पेंग्विन पुन्हा घरटी करू लागले ते थेट १९८३ मध्ये.

मांसापेक्षा मोठा आघात खताच्या व्यापाराने केला. हजारो वर्षे या कोरड्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची विष्ठा साचत जाऊन तिचे कित्येक मीटर जाडीचे थर तयार झाले होते. या थरांना ग्वानो म्हणतात. नत्र आणि स्फुरद यांनी समृद्ध असलेला ग्वानो शेतीसाठी उत्कृष्ट खत आहे हे लक्षात येताच १८४३ पासून शेकडो जहाजे नामिबियाच्या इचाबो बेटावर तुटून पडली, आणि एक-दोन वर्षांतच त्या बेटाचा खडक उघडा पडला. नंतर हेच इतर बेटांवरही झाले. पेंग्विन या थरांमध्ये बिळे खणून घरटी करत असत. बिळात दुपारचे ऊन पोहोचत नसे, पावसाचे पाणी शिरत नसे आणि कुरव पक्ष्यांना अंडी दिसत नसत. थर खरवडून नेल्यावर पेंग्विनांना उघड्यावर, खडकांच्या आडोशाला किंवा झुडपांखाली अंडी घालावी लागली, आणि आजही अति उष्ण दुपारी आईबाप घरटे सोडून पाण्याकडे धावतात आणि अंडी-पिल्ले मरतात, त्याचे मूळ त्या खरवडण्यात आहे. ज्यांनी हा व्यापार केला त्यांच्या दृष्टीने ती फक्त विष्ठा होती, परंतु पेंग्विनांच्या दृष्टीने ते घर होते. त्याच बेटांवरून खाण्यासाठी अंडी गोळा करण्याचा उद्योगही चालू होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकट्या डासेन बेटावरून वर्षाला लाखो अंडी नेली जात, आणि हा उद्योग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांहून कितीतरी अधिक असलेली पेंग्विनांची संख्या १९५० च्या दशकातील गणनेत सुमारे १,४१,००० जोड्यांवर आली होती. आज जगभर दहा हजार जोड्याही उरलेल्या नाहीत.

अंड्यांचा व्यापार थांबला त्याच सुमारास तेलाचे संकट उभे राहिले. सुएझ कालवा १९६७ मध्ये बंद झाल्यावर तेलवाहू जहाजांची मोठी वर्दळ केपच्या वाटेने सुरू झाली आणि समुद्रात सांडणारे तेल पेंग्विनांच्या अंगावर येऊ लागले. पेंग्विनाची पिसे एकमेकांत घट्ट गुंतून पाणी आणि थंडी बाहेर ठेवतात. तेलाने ती चिकटली की ही गुंफण तुटते, थंड पाणी थेट त्वचेला भिडते, आणि पक्षी चोचीने पिसे साफ करू लागला की ते तेल पोटात जाते. १९६८ मध्ये अशाच एका गळतीनंतर ॲल्थिया वेस्टफाल यांनी किनारी पक्ष्यांच्या संरक्षणासाठी ‘सॅन्कॉब’ या संस्थेची स्थापना केली, आणि तेल लागलेले पक्षी धुण्याची, त्यांना हाताने मासे भरवण्याची आणि पिसे पुन्हा पाणी रोखू लागली की समुद्रात सोडण्याची पद्धत पुढील दशकांत तेथे विकसित होत गेली. १९९४ मध्ये ‘अपोलो सी’ हे जहाज बुडाले तेव्हा सुमारे दहा हजार पेंग्विन तेलात सापडले आणि त्यांपैकी निम्म्यांनाच वाचवता आले.

या अनुभवाचे चीज २००० मध्ये झाले. त्या वर्षीच्या २३ जून रोजी लोहखनिज वाहून नेणारे ‘ट्रेझर’ हे जहाज डासेन आणि रॉबेन या दोन प्रमुख बेटांच्या मधोमध बुडाले, आणि त्याच्या इंधनाचे तेल दोन्ही बेटांकडे पसरू लागले. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. त्यांना केप टाउनमधील एका मोठ्या गोदामात हलवून हजारो स्वयंसेवकांनी आठवडेन् आठवडे धुतले आणि भरवले, आणि या वेळी त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी वाचले. परंतु या मोहिमेतील सर्वांत कल्पक निर्णय अजून स्वच्छ असलेल्या पक्ष्यांबाबत होता. बेटांवर राहिले असते तर तेही तेलात सापडले असते, म्हणून असे आणखी सुमारे १९,५०० पेंग्विन पकडून ट्रकमधून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेण्यात आले आणि तेथे समुद्रात सोडण्यात आले. पेंग्विन आपल्या वसाहतीकडेच पोहत परतणार, आणि या शेकडो किलोमीटरच्या प्रवासाला जेवढे दिवस लागतील तेवढ्यात किनारे स्वच्छ करता येतील, असा तो हिशोब होता. पीटर, पर्सी आणि पामेला अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाकडे संदेश पाठवणारी यंत्रे बसवली होती, आणि त्यांचा परतीचा प्रवास जगभरचे लोक रोज नकाशावर पाहत होते. पक्षी दोन-तीन आठवड्यांत घरी पोहोचले आणि हिशोब खरा ठरला. वन्यपक्ष्यांच्या बचावकार्याच्या इतिहासात या मोहिमेइतके मोठे यश क्वचितच सापडेल, आणि तिच्याविषयी कितीही आदराने लिहिले तरी ते कमीच आहे.

असे असूनही, त्यानंतरच्या दोन दशकांत डासेन आणि रॉबेन बेटांवरील पेंग्विनांची संख्या झपाट्याने घसरली. ज्यांना तेलातून काढले, धुतले आणि परत पाठवले, त्यांना घरट्याजवळच्या समुद्रात पुरेसे मासे मिळाले नाहीत. नामिबियात हे आधीच घडून गेले होते: १९६० आणि १९७० च्या दशकांतील बेसुमार मासेमारीने तेथील सार्डिन संपुष्टात आली आणि तिची जागा जेलीफिशने आणि कमी ऊर्जेच्या गोबी माशाने घेतली. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सार्डिन आणि अँचोव्ही यांचे प्रौढ थवे पश्चिम किनाऱ्याकडून पूर्वेकडे, अगुल्हास किनाऱ्याच्या दिशेने सरकले. या स्थलांतरामागे पाण्याच्या तापमानातील बदलांचा आणि पश्चिमेकडील अति मासेमारीचा वाटा असल्याचे मानले जाते. मासे सरकले, बेटे मात्र होती तेथेच राहिली. कोवळ्या पेंग्विनांची फसगत तर अधिकच करुण आहे. थंड आणि सूक्ष्म वनस्पतींनी भरलेले पाणी दिसले की तेथे मासे असणार, या पिढ्यान् पिढ्या खऱ्या ठरलेल्या खुणेवरून ते पहिल्या सफरीत पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे जातात, आणि आता तेथे मासेच नसल्यामुळे उपाशी मरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ वसाहतींतील कोवळ्या पक्ष्यांचा उपग्रहाद्वारे माग काढून हे दाखवून देण्यात आले, आणि अशा परिस्थितीला शास्त्रज्ञ ‘पारिस्थितिकीय सापळा’ म्हणतात, म्हणजे खूण तशीच राहते पण ती ज्या गोष्टीची खूण होती ती गोष्ट नाहीशी झालेली असते.

वसाहतीजवळ जे थवे उरले आहेत त्यांच्यासाठी पेंग्विन आणि मासेमारी जहाजे यांच्यात थेट स्पर्धा आहे. ही जहाजे पर्ससीन जाळी वापरतात; थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करून तिचा तळ दोरीने आवळायचा आणि सगळा थवा एकदम उचलायचा, ही पद्धत कोकणातील वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही, कारण पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील वाद रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने जवळून पाहिला आहे. बेटांभोवती अशा मासेमारीला मनाई केल्यास पेंग्विनांना लाभ होतो का, हे तपासण्यासाठी २००८ पासून काही बेटांभोवती वीस किलोमीटरच्या पट्ट्यात आलटून पालटून बंदी घालण्याचा प्रयोग झाला. लाभ होतो हे दिसले, पण किती होतो आणि उद्योगाच्या तोट्याच्या तुलनेत तो पुरेसा आहे का, यावर वर्षानुवर्षे चर्चा चालत राहिली, आणि त्या काळात पेंग्विन दर वर्षी सुमारे आठ टक्क्यांनी कमी होत गेले. अखेर बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅन्कॉब या संस्था २०२४ मध्ये न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये मासेमारी उद्योगाशी झालेल्या तडजोडीला प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयाने आदेशाचे रूप दिले. त्यानुसार सहा प्रमुख वसाहतींभोवती पर्ससीनने सार्डिन आणि अँचोव्ही पकडण्यास दहा वर्षांसाठी मनाई आहे. पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबण्याची किंमत नेहमी दुबळ्या बाजूलाच मोजावी लागते, हे या सतरा वर्षांच्या विलंबावरून स्पष्ट होते, आणि तो विलंब समर्थनीय होता असे म्हणणे कठीण आहे.

अंतराचा हा नियम उलट बाजूनेही खरा ठरलेला आहे. बोल्डर्स किनाऱ्यावर १९८० च्या दशकाच्या आरंभी अवघ्या दोन जोड्यांनी घरटी केली, आणि पुढे त्यांची हजारो पक्ष्यांची वसाहत झाली. या वाढीमागे लगतच्या फॉल्स उपसागरात पर्ससीन मासेमारी थांबल्यामुळे तेथे मासे वाढले हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. आज हा किनारा टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि पर्यटकांनी घरट्यांमध्ये शिरू नये म्हणून तेथे लाकडी पूल बांधले आहेत. दुसरे उदाहरण डी हूप अभयारण्याचे. सरकलेल्या माशांच्या जवळ पेंग्विनांना नवे घर मिळावे म्हणून तेथे पेंग्विनांच्या प्रतिकृती उभ्या केल्या, त्यांची ध्वनिमुद्रित साद ऐकवली, बिबटे आणि शशकर्ण यांना रोखणारे कुंपण घातले, आणि २०२२ मध्ये पहिल्या जोड्यांनी तेथे अंडी घातली. मासा घरट्याकडे येत नसेल तर घरटे माशाकडे नेण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे रिकाम्या किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तितके थोडे आहे.

इतर उपायांचा तपशील या विषयाच्या सविस्तर विवेचनात येतोच. खरवडलेल्या ग्वानोची उणीव भरून काढण्यासाठी कृत्रिम घरटी ठेवली जातात. सुरुवातीची काही घरटी उन्हात इतकी तापत की पक्षी ती टाळत, आणि त्यातून शिकून आता दुहेरी भिंतीची, हवा खेळणारी घरटी बनवली जातात. पिल्ले पुरती वाढलेली नसताना आईबापांची पिसे बदलण्याची वेळ आली की ते पिल्लांना सोडून देतात. अशी सोडलेली पिल्ले गोळा करून सॅन्कॉबच्या केंद्रांत वाढवली जातात, आणि समुद्रात सोडल्यावर ती इतर पिल्लांइतकीच जगतात असे आढळले आहे. दरम्यान नवी संकटेही उभी राहत आहेत. पक्ष्यांच्या फ्लूने अलीकडच्या वर्षांत अनेक वसाहतींत बळी घेतले आहेत. अल्गोआ उपसागरातील सेंट क्रॉइ बेटावर एके काळी या जातीची जगातील सर्वांत मोठी वसाहत होती. २०१६ पासून त्या उपसागरात जहाजातून जहाजात इंधन भरण्याचा व्यवसाय सुरू झाला, जहाजांची वर्दळ आणि पाण्याखालचा गोंगाट वाढला, आणि तेव्हापासून तेथील संख्या कोसळली. मासे जवळ असूनही गोंगाटामुळे तिकडे जाता येत नसेल, तर तेही अंतर वाढण्यासारखेच आहे.

मराठी वाचकाला जिवंत पेंग्विन पाहायचा असेल तर तो मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१७ पासून पाहता येतो. तेथील हंबोल्ट पेंग्विन हे मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, आफ्रिकन पेंग्विनांचे अगदी जवळचे सोयरे, त्याच प्रजातीतले. त्यांच्या मूळ प्रदेशातही थंड प्रवाह, अँचोव्ही, ग्वानोचा व्यापार आणि मासेमारी यांची हीच कहाणी घडलेली आहे. थंड केलेल्या दालनात, काचेपलीकडे, ठरलेल्या वेळी मासे मिळणारा पेंग्विन पाहून मुलांना जो आनंद होतो तो खरा आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु त्या दालनात जे दिसत नाही तेच या पक्ष्याचे जीवन आहे, म्हणजे पहाटेचे निघणे, थव्याचा शोध, संध्याकाळचे परतणे आणि उपवासाचे तीन आठवडे.

घसरणीचा वेग कायम राहिला तर २०३५ पर्यंत ही जात वन्य अवस्थेतून जवळजवळ नाहीशी होईल, असा इशारा शास्त्रज्ञांनी दिला होता, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने घातलेल्या मनाईची दहा वर्षांची मुदतही २०३५ मध्येच संपते. म्हणून या काळात त्या सहा वसाहतींभोवतीच्या पाण्यात काय घडते याकडे मराठी वाचकांनीही लक्ष ठेवावे, आणि पेंग्विन वाचवण्याविषयी जेव्हा जेव्हा काही ऐकावयास मिळेल तेव्हा त्यात माशांसाठी काय तरतूद आहे हे प्रथम विचारावे, अशी विनंती आहे.